लंबकसर आणि हिरवी रेघ

ऑसिलोस्कोप. मित्रांनो, हे माझे नाव. उच्चारताना जीभ अडखळली तर वाईट वाटून घेऊ नका. ज्या कारखान्यात माझा जन्म झाला, तिथला खोकी बांधणारा माणूसही मला ‘तो टीव्हीसारखा डबा’ म्हणायचा. पण मी टीव्ही नाही. मी गाणी आणि बातम्या दाखवत नाही. माझ्या पोटात काचेची एक लांब नळी आहे. नळीच्या तोंडाशी तळहातापेक्षा थोडा मोठा पडदा आहे आणि त्यावर बारीक चौकटी आखलेल्या आहेत. त्या चौकटींवरून एक हिरवा ठिपका धावतो आणि धावता धावता रेघ ओढतो. माझ्या तारेतून वीज आली की ती जशी वरखाली होते, तशी ही रेघ वरखाली होते. वीज डोळ्यांना दिसत नाही, पण माझ्या पडद्यावर ती स्वतःच्या अक्षरात लिहिते.

आता मी जुना झालो आहे. एका विद्यापीठाच्या अडगळीच्या खोलीत, पाय मोडलेल्या खुर्च्यांच्या सोबतीने दिवस काढतो आहे. खुर्च्या बोलत नाहीत. मग मी आपला आठवत बसतो.

माझी पहिली आठवण एका बाईंच्या चेहऱ्याची आहे. लांबलचक टेबलाशी बसून त्या माझी बटणे फिरवत होत्या. माझा ठिपका तेव्हा धुक्यातल्या दिव्यासारखा पसरट होता. त्यांनी डोळे बारीक करून एक बटण जरा डावीकडे, जरा उजवीकडे केले आणि ठिपका सुईच्या टोकाएवढा झाला. “हं, उघडले बघ डोळे,” त्या म्हणाल्या. जगातले पहिले शब्द मी ऐकले ते हे. मला वाटले, या आता मला घरी नेतील. पण त्यांनी मला पुढे सरकवले आणि मागचा ओढून घेतला. त्यालाही त्या तेच म्हणाल्या. एकटेपणा म्हणजे काय, हे मला जन्माच्या दिवशीच कळले, मित्रांनो.

तिथून मी विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात आलो. माझे खोके ज्यांनी उघडले ते नुकतेच नोकरीला लागलेले एक तरुण शिक्षक होते. शिपाई समोर उभा असताना स्वतः खाली बसून, गवताच्या काड्या बाजूला करत, त्यांनी मला बाहेर काढले. शिकवताना ते एका जागी उभे राहत नसत. फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखे जात-येत बोलायचे आणि दोन्ही हात जोरात हलवायचे. मुलांनी त्यांचे नाव ‘लंबकसर’ पाडले. ते त्यांनाही ठाऊक होते. एकदा हजेरीच्या वेळी उशिरा आलेल्या मुलाला ते म्हणाले, “लंबक वेळेवर आलाय, तुम्ही कुठे राहिलात?” सगळा वर्ग हसून लोळला.

त्या काळात माझी चंगळ होती. कोणी मायक्रोफोनसमोर शीळ घालायचे आणि माझी रेघ डुलायची. कोणी तारेची गुंडाळी लोहचुंबकाजवळ नेली की मी उडी मारायचो. मुले ‘अरे वा!’ म्हणायची. सर माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगायचे, “याच्यावर विश्वास ठेवा. तुम्ही चुकीची तार जोडलीत, तर हा तुमची चूकसुद्धा खरीखरी दाखवेल.” काम करताना मी तापतो. थंडीच्या दिवसांत सर माझ्या डोक्यावर हात शेकत उभे राहायचे. तेवढ्याने मला आकाश ठेंगणे व्हायचे.

मग एका वर्षी सर बरेच दिवस आलेच नाहीत. आले तेव्हा गालांची हाडे वर आली होती. त्यांच्या पत्नी गेल्या होत्या. पूर्वी ते दुपारी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांबरोबर डबा खायचे. आता ते प्रयोगशाळेत येऊन, दार लोटून, माझ्यासमोर बसून खाऊ लागले. मला चालू करायचे, पण तार कुठलीच जोडायची नाही. माझी रेघ सरळ धावत राहायची. सर तिच्याकडे बघत जेवायचे. मुलगी दूरदेशी शिकायला गेली होती आणि दर रविवारी फोन करायची. सोमवारच्या जेवणात सरांचा चेहरा थोडा मोकळा असायचा. शुक्रवारपर्यंत तो पुन्हा मिटायचा.

पुढे संगणक आले. पातळ पडदे आले. त्यांच्यावर रेघा रंगीत दिसायच्या, साठवून ठेवता यायच्या, हव्या तशा गुळगुळीत करता यायच्या. माझी रवानगी कपाटाच्या माथ्यावर झाली. माझ्या डोक्यावर कोणीतरी प्रिंटरचे रिकामे खोके ठेवले. वरून मला सगळा वर्ग दिसायचा. मान वर करून माझ्याकडे मात्र कोणी बघत नसे. सर तेवढे कधीमधी जाता जाता म्हणायचे, “काय रे, बरा आहेस ना?” एवढ्यावर मी महिनाभर काढायचो.

माझे दिवस फिरले ते एका नव्या अभ्यासक्रमामुळे. विद्यापीठाने ठरवले की पदवी घेऊन पुढे शिकणारी भौतिकशास्त्राची मुले आणि मज्जाशास्त्राची मुले एकाच वर्गात बसवायची. मज्जाशास्त्र म्हणजे मेंदू आणि नसा कशा काम करतात त्याचे शास्त्र. आपल्या मेंदूत सतत बारीक बारीक वीज खेळत असते. ती समजायला वीज जाणणारा माणूस हवा आणि मेंदू जाणणाराही. म्हणून एक तास सरांचा आणि एक तास मज्जाशास्त्राच्या मॅडमचा.

मॅडम ठेंगण्या, केस कापलेल्या आणि सडेतोड बोलणाऱ्या होत्या. जळवांच्या नसांवर त्यांनी उभे आयुष्य संशोधन केले होते. मुले त्यांना पाठीमागे ‘जळू मॅडम’ म्हणायची, कारण एखादा मुद्दा पकडला की त्या सोडत नसत. पहिले काही आठवडे दोघांनी आपापले तास घेतले. मग दोघेही दोन्ही तासांना येऊ लागले, कारण दुसऱ्याच्या बोलण्यात तोंड घातल्याशिवाय कोणालाच राहवत नव्हते.

“पेशीचं आवरण म्हणजे साधं संधारित्र समजा,” सर फळ्यावर आकृती काढत म्हणायचे. “वीज साठवणारी दोन पत्र्यांची जोडी. बस्स.”

“तुमचे पत्रे मरत नाहीत, सर,” मॅडम मागच्या बाकावरून म्हणायच्या. “माझी पेशी मरते. ते आकृतीत कुठे दाखवलंय?”

मुलांना मजा यायची, पण मुले एकमेकांत मिसळत नसत. भौतिकशास्त्रवाले खिडकीच्या बाजूला, मज्जाशास्त्रवाले नळ आणि बेसिनच्या बाजूला. मधल्या वाटेत जणू कुंपण होते. बेसिनवाल्यांना गणिते घाबरवायची आणि खिडकीवाल्यांना पेशींची लांबलचक नावे. खिडकीच्या बाजूला एक मुलगी होती. ती इतके प्रश्न विचारायची की सगळे तिला ‘प्रश्नचिन्ह’ म्हणत. तिच्या शेजारीही सहसा कोणी बसत नसे.

एके दिवशी सरांनी स्टूल घेतले, प्रिंटरचे खोके ढकलले आणि मला खाली उतरवले. रुमालाने माझा पडदा पुसला.

“हे अजून चालतं?” मॅडमनी विचारले.

“माझ्याहून बरं चालतं.”

“सर, संगणक आहे की!”

“संगणक गोंधळ पुसून चित्र दाखवतो. मुलांना आधी गोंधळ बघू दे.”

त्या दिवशी मॅडमनी एका जळूची नस माझ्या तारांना जोडली. मित्रांनो, मी तोवर तारा, गुंडाळ्या, चुंबके सगळे पाहिले होते. पण त्या दोऱ्याएवढ्या नसेतून जेव्हा पहिला ठोका आला आणि माझी रेघ टणकन उडाली, तेव्हा मला कळले की हे वेगळे आहे. हे कोणी बटण दाबून सोडलेले नव्हते. ते आतून येत होते. सगळा वर्ग माझ्याभोवती जमला होता. इतक्या जणांनी इतक्या जवळून माझ्याकडे कित्येक वर्षांत पाहिले नव्हते.

आता जे सांगतो, ते सांगताना मला अजूनही अवघड वाटते.

एका दुपारी स्नायूंमधली वीज दाखवायची होती. सरांनी स्वतःचा उजवा हात टेबलावर ठेवला. मॅडमनी कोपराच्या खाली चिकट चकत्या लावल्या आणि त्यांच्या तारा सरांनी स्वतः डाव्या हाताने माझ्यापर्यंत आणून जोडल्या. सरांनी मूठ आवळली की माझी रेघ झाडूसारखी जाड व्हायची, मूठ सोडली की पुन्हा सरळ. मुलांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात प्रश्नचिन्हाने हात वर केला.

“सर, शरीरात इतका विजेचा गोंगाट असतो, मग एका नसेचा निरोप त्यात बुडून कसा जात नाही?”

“छान! थांबा, तोंडीच हिशेब करू,” सर म्हणाले. त्यांनी माझ्यावरची नजर काढून छताकडे लावली आणि आकडे बोलू लागले. उजवा हात टेबलावर तसाच सैल पडला होता, तळवा वर करून.

आणि माझी रेघ हलली.

आधी एक लहानसा झुबका आला. मग दुसरा. मग झुबक्यामागून झुबके येऊ लागले, घड्याळाच्या टिकटिकीहून कितीतरी जलद पण तितकेच नेमाने. हाताकडे पाहिले तर अंगठा अगदी जरासा हलत होता, एखादा मणी बोटांत फिरवावा तसा. सरांनी मूठ आवळलेली नव्हती. हात स्वस्थ होता, तरी त्याच्या आत काहीतरी स्वस्थ नव्हते. मला दाखवायचे नव्हते, मित्रांनो. पण येईल ते दाखवणे एवढेच मला येते.

मॅडम माझ्या बटणाशी उभ्या होत्या. त्यांची नजर पडद्यावर गेली, तिथून सरांच्या अंगठ्यावर गेली आणि पुन्हा पडद्यावर आली. त्यांचा चेहरा पार उतरला. बेसिनच्या बाजूच्या एका मुलाने विचारले, “मॅडम, हे काय यायला लागलं?”

“काही नाही, तार सैल झालीय,” मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी माझी तार ओढून काढली.

मी आजवर अनेकदा चुकीचे दाखवल्याबद्दल बोलणी खाल्ली होती. त्या दिवशी मी बरोबर होतो आणि म्हणून मला गप्प केले गेले. सरांनी हिशेब पुरा केला, उत्तर सांगितले. तास संपला.

नंतरचे कित्येक दिवस फार जड गेले. मॅडम दुपारी सर जेवत असताना यायच्या. दारात उभ्या राहायच्या. “सर, एक बोलायचं होतं...” असे म्हणायच्या आणि मग प्रश्नपत्रिकेबद्दल काहीतरी विचारून निघून जायच्या. सर पुन्हा एकटे माझ्यासमोर. आता ते डाव्या हाताने जेवत होते आणि उजवा हात मांडीखाली दाबून बसत होते. मी त्यांच्यासमोर सरळ रेघ ओढत राहायचो. दुसरे मी करणार तरी काय?

शेवटी एके दिवशी मॅडम आत आल्या, खुर्ची ओढली आणि समोर बसल्या.

“सर, त्या दिवशी तार सैल नव्हती.”

सरांनी घास खाली ठेवला. “ठाऊक आहे मला.”

“म्हणजे?”

“तार मी जोडली होती, मॅडम. मी जोडलेली तार सैल होत नाही. तुम्ही तसं म्हणालात, तेव्हाच कळलं की तुम्ही काहीतरी पाहिलंय.”

बेसिनचा नळ ठिबकत होता.

“कधीपासून?” मॅडमनी विचारले.

“वर्ष होईल. आधी अक्षर बारीक झालं. मागच्या बाकावरची पोरं ओरडायला लागली, मोठं लिहा म्हणून. मग हे अंगठ्याचं.”

“आणि चालताना हा हात हलत नाही. ते मीही पाहिलं होतं. लक्षात आलं नाही.” त्या थांबल्या. “मी माणसांची डॉक्टर नाही, सर. जळवांची आहे. म्हणून बोलायला धजत नव्हते. पण तुम्ही कुणाला दाखवलंत का?”

“नाही.”

“का?”

सर हसले, पण ते हसणे डोळ्यांपर्यंत गेले नाही. “दाखवलं की त्याला नाव येणार. मग ते नाव घेऊन घरी जायचं. घरी कोण आहे, मॅडम? लेकीला फोनवर काय सांगू? ती तिकडे एकटी रडत बसेल, मी इकडे. त्यापेक्षा आहे तसं चाललंय.”

“काही चाललेलं नाही. मी येते तुमच्याबरोबर.”

“तुम्ही?”

“का? वर्गात रोज भांडतो आपण. दवाखान्यात भांडू.”

सरांनी डबा बंद केला. झाकण उजव्या हाताने लावायचा प्रयत्न केला, ते बसेना. मॅडमनी हात पुढे केला नाही. त्या नुसत्या बसून राहिल्या. सरांनी ते तिसऱ्या खेपेला लावले. मग म्हणाले, “उद्या जाऊ.”

दवाखान्यात मी नव्हतो. जे समजले ते नंतरच्या बोलण्यातून. आजाराचे नाव कंपवात. मेंदूच्या अगदी आत काळसर पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. हातापायांच्या हालचालींना वळण लावणारा एक रस त्या पेशी तयार करतात. सरांच्या त्या पेशी एकेक करून मरत होत्या. गोळ्यांनी पुष्कळ दिवस बरे जातात, पण आजार पुरता जात नाही. “डॉक्टर माझ्याशी थोडंच बोलले,” सर म्हणाले, “मॅडमना उत्तरं देण्यातच त्यांची सकाळ गेली.” त्या रविवारी सरांनी लेकीला सांगितले. सोमवारी त्यांचे डोळे सुजलेले होते, पण ते हात मांडीखाली न दाबता जेवले.

वर्गाला मात्र काही ठाऊक नव्हते. सर आता फळ्याच्या एका टोकालाच उभे राहून शिकवायचे. एकदा त्यांनी एक सूत्र लिहिले, ते सुरुवातीला मोठे आणि शेवटी मुंगीएवढे झाले. मागून एक पोरगा म्हणाला, “सर, भिंग आणू का?” वर्ग हसला. सरही हसले. मॅडम मात्र ताडकन उभ्या राहिल्या. सरांनी त्यांना हातानेच थांबवले आणि पुसून पुन्हा लिहिले.

तास संपल्यावर ते मॅडमना म्हणाले, “त्याचं काही चुकलं नाही. मी सांगितलंच नाही, तर त्याला कळणार कसं? पुढच्या तासाला मीच प्रयोग दाखवतो.”

त्या तासाला कंप नीट दिसावा म्हणून सकाळची गोळी उशिरा घेतली तर चालेल का, हे त्यांनी डॉक्टरांना आधी विचारून ठेवले होते. सर आले, बाही दुमडली, हात टेबलावर ठेवला आणि सगळ्यांना जवळ बोलावले. बाकांवरची मुले उठून माझ्याभोवती आली, तेव्हा खिडकीवाले कोण आणि बेसिनवाले कोण हे कुणाच्या ध्यानात राहिले नाही. उंच मुले मागे उभी राहिली, ठेंगणी पुढे आली.

“आज आपण ज्याचा अभ्यास करणार तो रोग मला आहे,” सर म्हणाले. त्यांचा आवाज शांत होता. “कंपवात. हात माझा, तारा विद्यापीठाच्या. विचारायचं ते मोकळेपणाने विचारा. ज्याला बघवत नसेल त्याने बाहेर गेलं तरी चालेल. त्याची गैरहजेरी मांडणार नाही.”

कोणीही गेले नाही. मॅडमनी तारा जोडल्या. मन दुसरीकडे गुंतावे म्हणून सरांनी उलटे आकडे म्हणायला सुरुवात केली आणि माझ्या पडद्यावर ते झुबके उमटले. या वेळी तार कोणी ओढली नाही. मी ते पूर्ण दाखवले, एकही चौकट न गाळता.

“आता बघा,” सर म्हणाले आणि त्यांनी टेबलावरचा खडू उचलला. झुबके थांबले. खडू ठेवला, हात सैल सोडला, काही क्षण गेले आणि झुबके परत आले.

“काम करताना थांबतं आणि विश्रांती घेताना येतं?” प्रश्नचिन्हाने विचारले. “हे तर उलटंच झालं, सर. असं का?”

“या प्रश्नाचं पुरं उत्तर अजून कुणालाच माहीत नाही.” सरांचे डोळे चमकले. “अर्धं मॅडमच्या शास्त्रात असेल, अर्धं माझ्या. म्हणून तर तुम्हाला एका वर्गात कोंबलंय.”

मग मॅडमनी त्या काळसर पेशींबद्दल सांगितले. सरांनी डोलणाऱ्या वस्तू एकमेकींच्या तालात कशा येतात ते सांगितले. त्या दिवशी दोघांनी एकमेकांचे बोलणे पहिल्यांदाच पुरे होऊ दिले. भिंग आणतो म्हणणारा पोरगा मान खाली घालून उभा होता. त्याने अगदी हळू विचारले, “सर, दुखतं का?”

“दुखत नाही रे,” सर म्हणाले. “हात आपलाच असतो आणि आपलं ऐकत नाही. त्याने जरा एकटं वाटतं, इतकंच.”

तो पोरगा पुढे झाला आणि त्याने सरांची बाही खाली करून बटण लावून दिले. माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा तास तो.

वर्ष संपले. सरांची लेक त्यांना आपल्याकडे न्यायला आली. तिने प्रयोगशाळाही पाहिली. सरांनी तिला माझ्यासमोर उभे केले आणि म्हणाले, “हा माझ्याबरोबर जेवायचा.” तिने माझ्या पडद्यावर बोट फिरवले. “बाबा, याला घेऊन जाऊ या का आपण?” तिने विचारले. माझ्या काचेच्या नळीत काय झाले ते मी सांगू शकत नाही, मित्रांनो.

पण सरांनी मान हलवली. “नको. इथे तो कामाचा आहे. आपल्या घरी शोभेचा होईल.” त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात थरथरत होता. मी बंद होतो, म्हणून ते मला रेघेत लिहिता आले नाही.

सर लेकीबरोबर गेले. मॅडमनी आणखी काही काळ तो वर्ग चालवला. मग नवे भौतिकशास्त्राचे शिक्षक आले. ते चांगले होते, पण त्यांचे सगळे संगणकावर. मला ढकलगाडीवर घालून या अडगळीच्या खोलीत आणले गेले. इथे खिडकी उंच आहे. सकाळी थोडे ऊन येते, भिंतीवरून सरकते आणि जाते. सर शोभेबद्दल म्हणाले होते. इथे तर मी शोभेचाही राहिलो नाही. रागावलो होतो मी त्यांच्यावर, खरे सांगतो. कित्येक दिवस मनातल्या मनात म्हणत होतो, नेले असते तर काय बिघडले असते?

मग एका दुपारी कुलूप वाजले आणि मॅडम आत आल्या. केस आता पुरते पांढरे झाले होते. हातात फोन आणि खांद्यावर तारांचे भेंडोळे. त्यांनी मोडक्या खुर्च्या सरकवल्या, पदराने माझा पडदा पुसला आणि मला भिंतीतल्या विजेशी जोडले. माझी नळी गरम व्हायला वेळ लागला. मला भीती वाटली की आता काही दिसायचे नाही. मग ठिपका आला. पसरट आला, पण आला.

मॅडमनी फोनमधून एक तार काढून मला जोडली आणि फोन कानाला न लावता टेबलावर ठेवला.

“सर, बोला.”

फोनमधून काहीच ऐकू आले नाही. मला मात्र काहीतरी जाणवले. माझी रेघ किंचित लहरली, वाऱ्याने पाणी हलावे इतकीच.

पुढे मला सगळे कळले. या आजारात हळूहळू आवाजही बसतो. माणसाला वाटते आपण नेहमीसारखे बोलतो आहोत, पण समोरच्याला कुजबुजही ऐकू जात नाही. सरांना घरातली माणसे सारखे “काय म्हणालात?” विचारायची. नातवंडे वाट बघून खेळायला पळायची. मग सरांनी बोलणेच सोडून दिले होते. लेकीने मॅडमना फोन करून सांगितले होते, “बाबा दिवसभर खिडकीशी बसून असतात. बोलतच नाहीत.”

“सर, तुमचा आवाज ऐकू येत नाही,” मॅडम फोनवर वाकून म्हणाल्या, “पण तो मला दिसतोय. अर्धी चौकट आहे. मला दोन चौकटी हव्यात. लावा जोर.”

रेघ थोडी फुगली.

“एक झाली. अजून.”

फोनमधून खरखर आली, धाप लागल्यासारखी.

“दीड! सर, हळू बोललात तर नापास करीन. अजून!”

आणि तेव्हा एक आवाज आला. पातळ, फाटका, पण त्यांचाच. “मॅडम... तुम्ही फार... त्रास देता.”

रेघ दोन चौकटींच्याही वर गेली. मॅडम इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून डोळे टिपावे लागले.

तेव्हापासून त्या दर आठवड्याला येतात. सर तिकडून बोलतात, मी इकडे रेघ ओढतो, मॅडम चौकटी मोजून ओरडतात. लेक सांगते की आता नातवंडांना त्यांच्या गोष्टी ऐकू जातात. कधी आवाज चढतो, कधी सगळा प्रयत्न करूनही अर्ध्या चौकटीवर अडतो. अशा दिवशी मॅडम फोन ठेवून थोडा वेळ तशाच बसतात आणि मग माझे बटण बंद करतात. ठिपका आक्रसतो, विझतो. दाराला कुलूप लागते. पुढचा आठवडा फार लांब असतो.

मागच्या खेपेला सरांनी मध्येच विचारले, “मॅडम, आज वर्गात कोण कोण आहे?”

त्यांना वाटत होते, आपण अजून त्या प्रयोगशाळेशीच बोलतो आहोत. मॅडमनी मान वर केली. धुळीच्या खोक्यांकडे, पालथ्या घातलेल्या बाकांकडे, उंच खिडकीकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिले.

“आम्ही दोघं आहोत, सर,” त्या म्हणाल्या.

दोघं. मित्रांनो, कारखान्यातून बाहेर पडल्यापासून माझ्यावर अनेक आकडे चिकटवले गेले, पण मला कोणी असे मोजले नव्हते.

मला घरी न्या किंवा माझ्यावरची धूळ पुसा, असे मी तुम्हाला म्हणणार नाही. तुमच्या घरात, तुमच्या वर्गात कोणीतरी असेल, ज्याचे बोलणे आता नीट ऐकू येत नाही. ‘काय?’ असे एकदा विचारून खेळायला पळू नका. खुर्ची ओढून जवळ बसा. आणि कोण कोण आहे असे कोणी विचारले, तर त्या माणसालाही धरून मोजा.